सुई दंडाले, राखण छातीची

२२ फेब्रुवारी २०२१, सोमवार. रात्रीचे आठ वाजत आलेत आणि तुम्ही राजापेठच्या उड्डाणपुलाखाली उभे आहात. धडाधड शटर पडतायत. पानठेलेवाला उरलासुरला माल पिशवीत कोंबतोय. आठच्या ठोक्याला अमरावतीत आठवडाभराची टाळेबंदी सुरू होणार आहे. देशात बहुतेक ठिकाणी लोक करोना सरला असं धरून चाललेत. इथे मात्र दुसऱ्या लाटेने आधीच पाय रोवलाय. तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून एप्रिल कसा जाणार ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे ते कुणालाच माहीत नाही.

आता आठवडा ओलांडा. १ मार्च. टाळेबंदी ८ तारखेपर्यंत वाढलीय, आणि आजपासून साठीपुढच्यांना लस मिळतेय. चौकात लोखंडी कठडे आडवे लावलेत, पोलीस पास बघून एकेकाला सोडतोय. लसीच्या रांगेत तुमच्यापुढे उभी असलेली म्हातारी मागे वळून विचारते, “काहो भाऊ, बिमारी फुप्फुसाची अन् सुई दंडाले! हे दवाई छातीत जाईन तरी कशी?”

प्रश्न नेमका आहे. उत्तर हवं तर तिच्या दंडात उतरायला हवं.

स्नायूत शिरलेल्या लशीचं काम तिथेच आणि काखेतल्या लसिका ग्रंथींत चालतं. स्नायूत जमलेल्या प्रतिकारक पेशी विषाणूच्या खुणा उचलून ग्रंथींत नेतात. तिथे लाखो बी-पेशींतून त्या खुणेशी जुळणाऱ्या मोजक्या निवडल्या जातात, त्यांची पिलावळ वाढते आणि दोनेक आठवड्यांत त्या प्रतिपिंडं ओतू लागतात. लस छातीत जातच नाही. जायला निघतं ते म्हातारीच्या शरीराने स्वतः घडवलेलं प्रतिपिंड, इम्युनोग्लोब्युलिन-जी नावाचं प्रथिन.

आता मार्चचा मध्य, आणि तुम्ही तेच प्रथिन आहात. लसिकेच्या संथ प्रवाहातून तुम्ही गळपट्टीच्या हाडामागच्या शिरेत पडता, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात, आणि पुढचा थेट मुक्काम फुप्फुस. शरीरभर फिरण्याआधी रक्ताला ही वाट चुकत नाही. केशवाहिनी इतकी अरुंद की तांबड्या पेशी अंग चोरून एकामागून एक सरकतायत. पाऊण सेकंदात हा टप्पा संपेल. बाजूला भिंत आहे आणि पलीकडे वायुकोशातली हवा. मधलं अंतर बऱ्याच जागी अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी.

प्राणवायू ही भिंत सहज पार करतो. तुम्ही अडकता. तुमचं वजन दीड लाख डाल्टन, म्हणजे प्राणवायूच्या रेणूच्या सुमारे पावणेपाच हजार पट. ही अडवणूक फुप्फुसाला हवीच असते. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं धो धो आत शिरली तर वायुकोश भरून जातील आणि माणूस कोरड्या जमिनीवर गुदमरेल. गंभीर न्यूमोनियात हीच भिंत फुटते.

मग आत जायचं कसं? केशवाहिनीच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. त्यांतून थोडी प्रतिपिंडं भिंतीमधल्या ऊतीत झिरपतात. दुसरी वाट पेशीच्या पोटातून जाते. पेशी रक्तद्रवाचा घोट घेते, घोट आत आम्लधर्मी होतो आणि एफसीआरएन नावाचा ग्राही रेणू तुमची शेपटी पकडतो. चौकातल्या पोलिसाने पास बघून सोडावं तसाच हा प्रकार: पास नसलेली बरीच प्रथिनं तिथेच मोडीत निघतात, तुम्ही सुटता. कधी पुन्हा रक्तात, कधी पलीकडे. याच सवलतीमुळे तुमच्यासारख्यांचं अर्धायुष्य तीनेक आठवडे टिकतं.

शेजारून अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे दुसरं प्रथिन पुढे सरकतं. यकृतात बनलेलं, तुमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाचं. पांढऱ्या पेशींच्या इलास्टेजपासून फुप्फुसाचे लवचीक धागे वाचवणं हे त्याचं काम. इतकं लहान असूनही वायुकोशांवरच्या द्रवात त्याचं प्रमाण रक्ताच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना ज्यांच्या रक्तात ते जवळजवळ नव्हतंच अशी माणसं आढळली. त्यांतल्या काहींची फुप्फुसं ऐन उमेदीत खिळखिळी झाली होती.

म्हणजे रक्तात भरपूर साठा असावा लागतो, तेव्हा कुठे वायुकोशात थोडं पोचतं. नाकाची राखण आणखी निराळी. तिथे मुख्यतः इम्युनोग्लोब्युलिन-ए लागतं, ते अस्तरालगतच्याच पेशी बनवतात, आणि दंडातल्या सुईने ते फारसं वाढत नाही. म्हणून लस घेतलेल्यालाही सर्दी-ताप येतो, पण फुप्फुस बहुधा वाचतं.

आणखी पुढे या, एप्रिलचा शेवट. फोनवर एकामागून एक निरोप येतायत: प्लाझ्मा हवा, अमुक रक्तगट, अर्जंट. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तद्रवातली तुमचीच भावंडं रुग्णाच्या शिरेत सोडायची, असा हा उपाय. आयसीएमआरने २०२० मध्येच ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर तो तपासला होता. आजार बळावणं किंवा मृत्यू त्याने कमी झाले नाहीत. तरी धावपळ थांबली नाही. १७ मे २०२१ रोजी प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळला गेला. दात्यांच्या प्लाझ्मात पुरेशी प्रतिपिंडं असतीलच असं नव्हतं. शिवाय रुग्ण खाटेवर येईपर्यंत त्याच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडं बहुतेक वेळा बनवलेली असत, आणि विषाणूचा जोर ओसरून दाहाचा सुरू झालेला असे.

प्रथिन तेच, शिरही तीच, चुकते ती वेळ. भिंत शाबूत असतानाच रक्तात साठा हवा, म्हणजे तो झिरपून आत पोचलेला असतो. तेव्हा मागे जाऊन कुणाला काही सांगायचंच असेल, तर एप्रिलमध्ये प्लाझ्मासाठी वणवण करणाऱ्या मुलाला गाठू नका. १ मार्चला जा, आणि ‘पाहू पुढच्या महिन्यात’ म्हणून घरी बसलेल्या त्याच्या बापाला रांगेत आणून उभं करा.