देवळालीचा ताप

मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिकला तुम्ही अनेकदा गेला असाल. नाशिकच्या पलीकडे देवळाली कॅम्प आहे. या गावाच्या नावावरून इंग्रजी भाषेत एक शब्द तयार झाला, ‘डुलाली’. अर्थ, डोकं फिरलेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी देवळालीला छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी तिथे जहाजाची वाट बघत थांबत. सैनिकांना नेणारी जहाजं साधारणपणे थंडीच्या हंगामातच सुटत. शेवटचं जहाज चुकलं की कित्येक महिने मुक्काम. हाताला काम नाही, वर उन्हाळा, मलेरिया आणि दारू. काहीजण विचित्र वागू लागत. सोबत्यांनी त्याला नाव दिलं ‘डुलाली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! त्यातल्या कोणाला खरंच हिवताप होता आणि कोणाच्या मनात काय साठलं होतं, हे वेगळं करून बघण्याची फारशी कोणाला गरज वाटली नाही. चेष्टेचा शब्द तेवढा उरला.

चेष्टा तरी परवडली. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. अंगावर जखम नाही, पण सैनिक थरथरतोय, बोलता येत नाही, झोप नाही. सुरुवातीला वाटलं, तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी. पण गोळ्याच्या जवळपासही नसलेल्यांना तेच होऊ लागलं आणि संशय सुरू झाला. हे भित्रे आहेत का? ढोंग करताहेत का? त्या युद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सैन्याने स्वतःच्याच ज्या माणसांना गोळ्या घातल्या, त्यांपैकी ३०६ जणांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. म्हणजे नव्वद वर्षांनी.

आपले शिपाईही या संशयातून सुटले नाहीत. फ्रान्सच्या आघाडीवरचे जखमी हिंदी सैनिक इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रुग्णालयांत येत. अनेकांच्या हाताला गोळी लागलेली दिसे, म्हणून वरिष्ठांना वाटलं की यांनी ती स्वतःच मारून घेतली. तिथले डॉक्टर कर्नल ब्रूस सेटन यांनी १००० जखमा तपासल्या आणि संशयाला आधार नाही असं कळवलं. डॉक्टर म्हणून मला सेटन यांचं कौतुक वाटतं. पण प्रश्न बघा. ‘हातावर कोणी गोळी मारली?’ एवढंच विचारलं गेलं.

या त्रासाला आजचं नाव मिळायला १९८० उजाडलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांनी अमेरिकेत आवाज उठवल्यावर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, हे निदान अधिकृत यादीत आलं.

महाराष्ट्रात हा विषय ठळकपणे पुढे आला तो किल्लारीनंतर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. जवळपास दहा हजार माणसं गेली. गणेशविसर्जनाच्या बंदोबस्तातून नुकते मोकळे झालेले पोलीस, मग लष्कराचे जवान, डॉक्टर, स्वयंसेवक पावसात ढिगारे उपसत होते, सामूहिक अंत्यसंस्कार करत होते. नंतर डॉ. मोहन आगाशे आणि इतर मानसोपचारतज्ज्ञांनी गावांत काम केलं. भर साहजिकच वाचलेल्या गावकऱ्यांवर होता. प्रेतं उचलणारे हात आपापल्या ड्युटीवर परत गेले.

आपल्या भागातलंही आठवा. १९९२-९३ च्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. घरोघरी फिरून वजनं घेणाऱ्या, मूल गेल्यावर त्याच घरी पुन्हा जाणाऱ्या सेविकांच्या झोपेची चौकशी करण्याची तेव्हा पद्धतच नव्हती. आज १०८ चा चालक घाटातून अडलेल्या बाईला नाशिकला नेतो, आशाताई डोलीसोबत ओढा ओलांडते. हे सगळेही त्याच रांगेतले.

मधल्या काळात वैद्यकशास्त्राचाही एक अंदाज चुकला. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी सुचवलं की दुर्घटनेनंतर लगेच सगळ्या जवानांना एकत्र बसवून काय पाहिलं ते बोलायला लावावं. हेतू चांगला होता. पुढच्या चाचण्यांत दिसलं की अशा एका बैठकीने विकार टळत नाही, काहींचा त्रास वाढतोही. म्हणून ‘बोल, मोकळा हो’ असा आग्रह पहिल्याच दिवशी धरू नका. जेवण, झोप, ओळखीची माणसं आणि ‘तुला वाटेल तेव्हा सांग’ एवढं पुरे. सुरुवातीच्या दिवसांत मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका. मोहाची दारू तर नकोच.

महिना उलटला तरी तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, दचकणं, चिडचिड, ती जागा टाळणं सुरू असेल, तर उपचार हवेत. आघाताची जाण ठेवून उपचार करणारा थेरपिस्ट ‘तुझं काय बिघडलंय?’ असं विचारत नाही, ‘तुझ्यावर काय गुजरलं?’ असं विचारतो. आधी सुरक्षित वाटू देतो. मग ती आठवण थोडीथोडी, तुमच्या गतीने उलगडतो. साधारण आठ ते सोळा बैठकांत बऱ्याच जणांना फरक पडतो. आठवण पुसली जात नाही, पण ती आठवण म्हणून राहते, आत्ता घडतंय असं वाटत नाही.

घरच्यांनो, हा त्रास बहुतेक वेळा तुम्हालाच आधी दिसतो. सुट्टीवर आलेला जवान रात्री ओट्यावर बसून असतो, मुलं बाबांसमोर आवाज करायला घाबरतात, बायको शेजारणीला ‘ते थकलेत’ सांगते. थेरपिस्टकडे तुम्हीही जा, एकटीनेही चालेल. तुमची झोप उडाली असेल तर तोही आजारच समजा.

जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, कुठेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवायला सांगा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सकाळची वाट पाहू नका, माणसाला एकटं सोडू नका, त्याच रात्री दवाखान्यात आणा.