पुराचा आकडा कुठून मोजला?



पावसाळा तोंडावर आला की कृष्णाकाठाला एकच विषय, यंदा पाणी कुठवर येणार. कुणी २००५ सांगतं, कुणी २०१९, म्हातारी माणसं त्याच्याही मागचं. आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण आकडा कुठून मोजला, कधी मोजला, हे कुणी विचारत नाही. आणि ह्याच आकड्यावर आपण घराचं जोतं, मोटरीची जागा आणि जनावरं कधी हलवायची ते ठरवतो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचा इशारा ३९ ला, धोका ४३ ला. दोन्हीकडं पट्टीचा शून्य वेगळा. म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून 'सांगलीत दोन फूट जास्त' म्हणता येत नाही. अलमट्टीची पातळी तर समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगतात, धरण भरलं की ५१९.६०. ती फुटांच्या पट्टीशी जोडून भांडण्यात अर्थ नाही.

आता मोठा पूर कुठला? आयर्विनवर २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, २०१९ ला ५७ च्या पुढं. २०२१ ला ते २०१९ पेक्षा खालीच राहिलं. पण राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला ५५ च्या पुढं आणि २०२१ ला ५६ च्या पुढं. म्हंजे सांगलीकराला २०१९ मोठा, कोल्हापूरकराला २०२१. दोघंही खरं बोलतात. पूर सगळ्या खोऱ्यात एकसारखा चढत नाही.

जुन्या पुरांचं अजून अवघड. आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्या आधीचा पूर कुणी आयर्विनच्या फुटात सांगितला, तर तो आकडा मागाहून बसवलेला. घाटावरची पक्की खूण धरून लेव्हल लावली असेल तर ठीक, नुसत्या आठवणीवरून असेल तर जपून घ्यावा. पुढं १९६० च्या दशकात कोयना धरणात पाणी अडायला लागलं. तेव्हापासून पूर नुसता पावसाचा राहिला नाही, दरवाज्यांचाही झाला. पुण्याच्या १९६१ च्या खुणा तर पानशेत फुटल्याच्या. त्या पावसाच्या पुराशेजारी लावताच येत नाहीत.

नदीचं पात्रही जागेवर राहत नाही. कैरोला नाईल नदीत पाणी मोजायचा दगडी खांब आहे, इसवी सन ८६१ चा. तिथं १६ हात पाणी चढलं की साल चांगलं धरायचे आणि सारा लागू व्हायचा. पण गाळानं पात्र आणि शेतं दोन्ही वर आली, आणि पुढच्या शतकांत १६ हात पाणी पुरेना. खूण तीच, अर्थ बदलला. शिवाय आकड्यावर सारा ठरत असला की तो सांगणाऱ्याचा हेतूही बघावा लागतो. आपल्याकडं गाळ, नवे पूल, रस्त्यांचे भराव यांनी तेच होतं. तेवढंच पाणी आलं तरी उंची वेगळी भरते.

आता गावातल्या खुणा. भिंतीवरचा ओलीचा डाग पाण्याच्या वर चढतो, कारण वीट पाणी ओढते. चिखलाची रेघ त्यापेक्षा बरी. फांदीला अडकलेलं पाचट फसवतं. पुरात फांदी वाकते, पाणी उतरलं की वर उठते, पाचट उंच दिसतं. खोडातला खिळा मात्र चालतो. झाड शेंड्याला वाढतं, खिळा वर सरकत नाही. 'उंबऱ्याला कंबरभर' ह्या बोलण्यात रस्ता किती वेळा उंच केला ते विचारा. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा त्या मानानं भरवशाचा. पाणी पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, हे पादुकांची जागा धरून सांगितलेलं आहे.

लिहिण्यातही गोंधळ असतो. ५३.९ म्हंजे ५३ फूट ९ इंच, का फुटाचे नऊ दशांश? ५३.११ हे इंचात ५३.९ पेक्षा जास्त, दशांशात कमी.

ह्याचा खरा फटका २०१९ ला बसला. '२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर कशाला येतंय' म्हणून लोकांनी सामान त्या खुणेच्या जरा वर ठेवलं आणि घरातच थांबले. पाणी खुणेच्या वर गेलं. जुनी खूण एवढंच सांगते की पाणी निदान इथवर आलं होतं. ती हद्द नव्हे. लाल पूररेषेचंही तेच. शंभर वर्षांतला पूर म्हंजे एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असं नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता असते.

म्हणून जुने आकडे टाकून द्यायचे नाहीत, त्यांना शून्य विचारायचा. आणि आपली नोंद आपण करायची. आयर्विनला किती फूट झालं की आपल्या मळीत पाणी शिरतं, किती झालं की मोटर बुडते, किती झालं की रस्ता तुटतो. देवळाच्या दगडी जोत्यावर किंवा पुलाच्या खांबावर पाणी असतानाच खूण करा. तारीख, वेळ आणि त्या वेळचा आयर्विनचा किंवा राजारामचा आकडा लिहा, फोटो काढा. फूट-इंच शब्दात लिहा.

पाणी उतरल्यावर जो तो दोन फूट जास्तच सांगतो. नोंद तशी फुगत नाही. तुमच्या गावची सगळ्यात जुनी खूण कुठं आहे, कळवा.