आम्र कुलातील खाद्य फळे: खाण्याचा थर आणि चिकाचा थर

गणपतीपुळ्याच्या परिसरातील जांभ्याच्या सड्यांवर हापूस आणि काजू शेजारी शेजारी वाढतात. एकाचा गर खायचा, दुसऱ्याची बी. तरीही वनस्पतिशास्त्रात दोघांचे कुल एकच आहे: ॲनाकार्डिएसी, म्हणजे आम्र कुल. चारोळी, बिब्बा, अंबाडा आणि पिस्ता हेही याच कुलातले. या फळांचे खरे वर्गीकरण चवीवरून होत नाही. फळाचा कोणता भाग खायचा आणि चीक कोठे साठलेला आहे, या दोन प्रश्नांवरून ते होते.

समान लक्षणे. या कुलातील झाडांच्या साली, पाने व फळांत राळयुक्त रसाच्या नलिका असतात. फळ बहुधा एकबीजी आणि अश्मगर्भी असते: बाहेर साल, मध्ये गर, आत कठीण कवच आणि त्यात बी. आंबा व काजू यांच्या एकाच मोहोरात नर आणि द्विलिंगी अशी दोन्ही फुले येतात. म्हणून मोहोर भरघोस दिसला तरी फळे मोजकीच धरतात.

खाद्य भागानुसार तीन गट. पहिल्या गटात मधला थर खातात: आंबा, अंबाडा. दुसऱ्यात बी खातात: काजूगर, पिस्ता, चारोळी आणि बिब्ब्यातील गोडंबी. तिसऱ्यात फळाचा आधारच फुगून मांसल होतो: काजूचे बोंड आणि बिब्ब्याचे फूल. काजूची बी आधी वाढते. देठ नंतर फुगून त्याचे बोंड होते. बोंड हे म्हणूनच आभासी फळ, आणि खाली लोंबणारी बी हे खरे फळ.

चिकाचे स्थान. आंब्याचा चीक मुख्यतः देठाजवळ आणि सालीत असतो. देठ मुळापासून तुटला की तो सालीवर ओघळतो, काळे डाग पडतात आणि फळाचा दर उतरतो. म्हणून आंबा थोडा देठ ठेवून झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, उतरवतात. काजूत दाहक तेल कवचाच्या मधल्या, मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र थरात असते. ओले काजूगर काढताना ते हाताला लागले की कातडी भाजते, सोलवटते; म्हणून काढणाऱ्या बाया आधी हाताला तेल चोळून घेतात. हेच तेल रंग, राळ आणि ब्रेकची अस्तरे बनवायला उपयोगी पडते.

बीचा गरावर परिणाम. हापूसमधला साका बाहेरून कळत नाही. फळ कापल्यावर गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. संशोधनाने या विकृतीचा संबंध कोयीतील बीने फळातच रुजण्याची तयारी सुरू करण्याशी जोडला आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ मध्ये आलेली ‘रत्ना’ ही नीलम आणि हापूस यांच्या संकराची जात साक्यापासून मुक्त आहे. गर बिघडला तरी कारण बीत शोधावे लागते, ते यासाठी.

निष्कर्ष. थर ठरला की काढणी, प्रक्रिया आणि नुकसान हे तिन्ही ठरतात. बोंड एक-दोन दिवसांत नासते, त्यामुळे ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध असूनही बरेचसे झाडाखालीच कुजते. काजू बागायतीची पुढची वाढ याच थराच्या वापरात आहे. आणि गर काढणाऱ्या हातांना हातमोजे देणे हा उपकार नव्हे. तो काजूच्या किमतीत धरलाच पाहिजे असा उत्पादनखर्च आहे.