बुणगे

मराठींत एकाद्या जमावाची किंमत शून्य ठरवावयाची असली म्हणजे त्याला ‘बाजारबुणगे’ म्हटलें कीं काम भागतें. हा शब्द वापरणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल कीं तो मुळांत शिवी नव्हे, लष्करी हिशेबांतला शब्द आहे. फौजेबरोबर चालणारे, परंतु शस्त्र हातीं धरून न लढणारे असे जे लोक, म्हणजे वैरण आणणारे, पाणी वाहणारे, तंबू ठोकणारे, बैलांच्या पाठीवर धान्य लादून आणणारे, नालबंद, लोहार, चांभार, सैपाकी, वाणी-उदमी, ते सारे बुणगे. ज्यांच्यावांचून फौजेला एक मजल मारतां येत नव्हती त्यांचेंच नांव पुढें तुच्छतेचें व्हावें, ह्यांत भाषेचा दोष थोडा व समाजाच्या नजरेचा अधिक आहे.

पानिपतच्या पराभवाचीं कारणें सांगतांना बुणग्यांचें ओझें हें कारण बहुधा पहिल्या दोनतीनांत येतें. तें खोटें नाहीं, पण फार सैलपणें सांगितलें जातें. १७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ पटदूरहून उत्तरेकडे निघाले, तेव्हां फौजेबरोबर तीर्थयात्रेच्या आशेनें आलेले लोक व सरदारांचीं कुटुंबेंही होतीं. त्यांचा भार पडला ह्यांत शंका नाहीं. परंतु हे यात्रेकरू आणि घोड्याला चारा आणणारा मोतद्दार ह्यांना एकाच गांठोड्यांत बांधणें हा उघड अन्याय आहे. यात्रेकरू नसते तर फौज हलकी झाली असती. मोतद्दार नसता तर ती जागची हललीच नसती.

नोव्हेंबर १७६० पासून दोन्ही सैन्यें पानिपतास समोरासमोर तळ देऊन बसलीं. अब्दाली दक्षिणेच्या अंगास, म्हणजे मराठे व दिल्ली ह्यांच्या मध्यें उतरला होता. त्यामुळें दिल्लीची वाट तुटली. हातघाईस अजून दोन महिने अवकाश होता, पण खरी लढाई त्याच दिवसांत सुरू झाली होती आणि ती दाणावैरणीची होती. सुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें आपल्या वृत्तांतांत एका रात्रीची हकीकत दिली आहे. छावणींत कांहीं उरलें नाहीं म्हणून सुमारें वीस हजार लोक अंधारांत चारा व लांकूडफांटा मिळवावयास बाहेर पडले. अब्दालीकडील शहापसंदखान गस्तीवर होता. त्यानें त्यांना गांठून कापून काढलें. वीस हजार हा आंकडा काशीराजाचा आहे, व जुन्या वृत्तांतांतील आंकड्यांना जेवढी सूट द्यावयाची तेवढी ह्यालाही द्यावी. ती दिली तरी एका रात्रींत मेलेलीं हजारों माणसें उरतातच. पानिपतावर पडलेल्या सरदारांचीं नांवें मराठी घराघरांत माहीत आहेत. ह्या रात्रीं मेलेल्यांपैकीं एकाचेंही नांव कोणास सांगतां येणार नाहीं.

गोविंदपंत बुंदेल्यांची गोष्टही ह्याच जातीची आहे. अंतर्वेदींतून पैसा व धान्य पाठवावें आणि अब्दालीची रसद मारावी, अशीं दुहेरी कामें ह्या वृद्ध मामलेदारावर सोंपविलेलीं होतीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्याचा पहिला खंड छापला. त्यांतील पत्रांवरून भाऊंचा त्यांच्यामागें केवढा तगादा लागला होता तें दिसतें. डिसेंबर १७६० मध्यें गोविंदपंत ह्याच कामांत मारले गेले. त्यानंतर मराठ्यांच्या छावणींत उपासमार वाढत गेली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं फौज बाहेर पडली ती उपाशीं मरण्यापेक्षां लढून मरावें म्हणून. पंतांच्या हिशेबांतील घोळांवर जितकी शाई खर्च झाली तितकी त्यांच्या मरणावर झालेली नाहीं.

शिवाजीमहाराजांची दृष्टि ह्या बाबतींत फार चोख होती. लष्कराबरोबर बायका, बटकी व कलावंतिणी नसाव्यात, हा त्यांचा नियम सभासदानें आपल्या बखरींत नोंदला आहे. म्हणजे निरुपयोगी भार त्यांनीं छाटला. उपयोगी साहित्याची मात्र कोण काळजी! १६७३ मध्यें चिपळुणाकडील छावणीच्या अंमलदारांस लिहिलेल्या पत्रांत दाणा-गवत पावसाळाभर पुरेल अशा बेतानें वापरा, आज उधळाल तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, गवताजवळ विस्तव नेऊं नका, दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल व आग लागेल, इतक्या बारीक सूचना आहेत. ज्या राजाला उंदराचीही आठवण होते त्याला वैरण राखणाऱ्या माणसाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. ही शिस्त पुढील शतकांत कोठें गेली, हा मोठा विषय आहे. तो येथें बाजूस ठेवलेला बरा.

इंग्रजांनीं मात्र हा धडा गिरविला. १८०३ च्या मोहिमेंत, म्हणजे असईच्या लढाईच्या सालीं, जनरल वेलस्लीच्या पत्रव्यवहारांत बैल, तांदूळ आणि वंजाऱ्यांचे तांडे ह्यांची चिंता पानोपानीं भेटते. म्हैसूरकडच्या अमृतमहाल जातीच्या बैलांची त्यानें मुक्तकंठानें तारीफ केली आहे. बैलांची तारीफ झाली. बैल हांकणाऱ्यांची तितकीशी झाली नाहीं.

कंपनीच्या व पुढें राणीच्या सैन्यांत ह्या लोकांना ‘फॉलोअर’ असें नांव पडलें. अर्थ तोच, मागून येणारा. भिस्ती, लांगरी, सईस, मेहतर, धोबी, डोली उचलणारे कहार, खेंचरें हांकणारे अशा त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या, आणि त्या पायऱ्या गांवांतील जातींच्या पायऱ्यांशीं बव्हंशीं जुळत. गाइड्स पलटणींतील जुमा नांवाच्या भिस्त्याची हकीकत कर्नल यंगहजबंड ह्यांनीं १९०८ सालीं लिहिलेल्या त्या पलटणीच्या इतिहासांत आहे. १८५७ त दिल्लीच्या वेढ्यांत गोळ्यांच्या वर्षावांत तो पखाल घेऊन फिरत राहिला. सर्वांत शूर कोण असें विचारतां शिपायांनीं त्याचेंच नांव पुढें केलें. पुढें त्याला शिपाई म्हणून भरती करून घेतलें व तो चढत चढत अंमलदार झाला. गोष्ट सुंदर आहे खरी; पण नीट पाहिलें तर भिस्त्याचा गौरव करावयाचा म्हणजे त्याला भिस्तीपणांतून काढावयाचें, असाच तिचा अर्थ होतो.

१८८५ ते १८८७ च्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेपासून हिंदुस्थानच्या मोहिमांचें पदक दोन धातूंत निघूं लागलें. लढणाऱ्याला रुप्याचें, फॉलोअरला ब्राँझचें. छाप एक, राणीचा मुखवटा एक, मोहीम एक. पहिल्या महायुद्धानंतर दिलेलें ब्रिटिश युद्धपदकही मजूर व चाकर पथकांना ब्राँझचेंच मिळालें. दरबारच्या दिवशीं छातीवरच्या धातूच्या रंगावरून माणूस ओळखतां येई.

त्या महायुद्धांत, १९१४ ते १९१८ मध्यें, हिंदुस्थानांत सुमारें साडेपांच लाख लोक अशा न-लढणाऱ्या कामांवर भरती झाले. त्यांच्यावांचून काय होतें हें मेसापोटेमियांत दिसून आलें, आणि ही हकीकत महाराष्ट्राच्या अंगणांतली आहे. जनरल टाउन्शेंडच्या हाताखालीं बगदादकडे चढत गेलेली फौज ही सहावी, म्हणजे पुणें डिव्हिजन. तींत १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफोनच्या लढाईंत ह्या सैन्याचे चार हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. लढाईचा बेत तयार होता. जखमी कसे न्यावयाचे ह्याचा नव्हता. डोलीवाले थोडे, रुग्णवाहिका जवळजवळ नाहींत. तेव्हां ज्या बिनस्प्रिंगच्या खेंचरगाड्यांतून सामान नेत त्यांतच हाडें मोडलेलीं माणसें घातलीं आणि कित्येक मैल खडबडीत जमिनीवरून नदीपर्यंत नेलीं. पुढें आगबोटींतून बसऱ्यापर्यंतचा प्रवास बरेच दिवसांचा. त्यांतली एक बोट बसऱ्यास लागली तेव्हां मेजर कार्टर नांवाच्या डॉक्टरानें पाहिलें कीं, दाटीवाटीनें पडलेल्या जखमींना जागेवरून हलतां न आल्यामुळें बोटीच्या बाजूंवरून मळाचे ओघळ वाळून लोंबत आहेत. त्यानें ही गोष्ट वर कळविली आणि वरिष्ठांकडून बोलणीं खाल्लीं. १९१७ सालीं चौकशी कमिशनचा अहवाल बाहेर आला, त्याचा बभ्रा एवढा झाला कीं भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन ह्यांना राजीनामा द्यावा लागला. डोली उचलणाऱ्या कहाराची किंमत विलायतेच्या मंत्रिमंडळाला तेव्हां कळली.

टेसिफोनहून माघार घेतलेलें हेंच सैन्य कुटच्या वेढ्यांत सांपडलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं तें शरण गेलें, तेव्हां तेरा हजारांहून अधिक लोक कैद झाले. त्यांत ३,२४८ हिंदी फॉलोअर होते. पांच महिन्यांची उपासमार त्यांनीं शिपायांबरोबरच काढली होती. कैद झाल्यावर वाळवंटांतून पायीं चालणें आलें, तेंही बरोबरीनें.

फ्रान्सकडे १९१७ सालीं मजूर पथकें गेलीं. नागा, लुशाई, खासी, मणिपुरी, संथाळ, ओरांव अशा लोकांना डोंगरदऱ्यांतून उचलून महिना वीस रुपयांच्या करारावर समुद्रापार नेलें. त्यांनीं रस्ते बांधले, झाडें तोडलीं, रेल्वेचीं ओझीं वाहिलीं. दुसऱ्या खेपेची भरती सुरू होतांच कुकी लोकांनीं बंड केलें, तें १९१९ पर्यंत चाललें. फ्रान्सहून परतलेल्या नागांनीं कोहिमास १९१८ च्या सुमारास नागा क्लब काढण्यांत पुढाकार घेतला असें मानलें जातें. ह्याच क्लबानें १९२९ सालीं सायमन कमिशनपुढें आपलें निवेदन ठेवलें. ज्यांना हमाल म्हणून नेलें ते राजकारण शिकून आले, हें सरकारच्या हिशेबांत नसावें.

युद्ध संपल्यावर स्मारकांचा प्रश्न आला. फ्रान्समध्यें न्यूव्ह-शापेल येथें १९२७ सालीं उभारलेल्या हिंदी स्मारकावर शिपायांबरोबर कांहीं मजुरांचींही नांवें कोरलेलीं आहेत, हें नमूद करणें न्यायाचें होईल. बसऱ्याच्या १९२९ च्या स्मारकावर मात्र गोऱ्या शिपायापर्यंत सर्वांचीं नांवें, हिंदी अंमलदारांचीं नांवें, आणि हिंदी शिपाई व इतर ह्यांच्या वांट्याला पलटणीच्या नांवाखालीं नुसता आंकडा. येथें लढणारा हिंदी आणि न लढणारा हिंदी एका ओळींत आले, पण ते दोघेही खालीं ढकलून. पूर्व आफ्रिकेंत ह्याहून वाईट झालें. तेथें वाटा नाहींत, जनावरें माशीच्या रोगानें मरत, म्हणून सगळी मोहीम माणसांच्या डोक्यांवरून चालली. नव्वद हजारांच्या पुढें आफ्रिकी हमाल रोगानें व उपासमारीनें मेले. नैरोबींत १९२८ सालीं त्यांच्या वर्गाचा एक पुतळा उभा राहिला, नांवें कोणाचींच नाहींत. त्या शहराच्या ‘करिओकोर’ ह्या वस्तीच्या नांवांत ‘कॅरिअर कोअर’ हे शब्द अजून ऐकूं येतात. २०२१ सालीं युद्धसमाधि आयोगाच्या समितीनें स्वतःच कबूल केलें कीं निदान १,१६,००० लोकांचीं, व कदाचित् त्याहून पुष्कळ अधिकांचीं, नांवें कोठेंही कोरलीं गेलीं नाहींत. त्यांत आफ्रिकी हमालांचा भरणा मोठा आहे.

ह्यांत सारा दोष परक्या सरकारावर टाकून मोकळें होणें सोपें आहे. परंतु इंग्लंडांतील हॅम्पशायर परगण्यांत ब्रॉकनहर्स्ट नांवाचें एक गांव आहे, तेथें महायुद्धांत जखमी हिंदी शिपायांसाठीं लेडी हार्डिंज हॉस्पिटल होतें. त्या हॉस्पिटलांत सुखा नांवाचा एक मेहतर होता. शिपायांच्या खोल्या झाडणें व मलमूत्र काढणें हें त्याचें काम. १९१५ च्या जानेवारींत तो न्युमोनियानें वारला. तो अस्पृश्य, म्हणून हिंदूंच्या चितांजवळ त्याला जागा मिळेना. तो मुसलमान नव्हे, म्हणून वोकिंगच्या मुसलमानी दफनभूमींतही नाहीं. ज्या शिपायांची त्यानें घाण काढली ते त्याच्याच देशाचे होते. शेवटीं गांवच्या पाद्र्यानें सेंट निकोलस चर्चच्या आवारांत त्याला जागा दिली. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढून थडग्यावर दगड बसविला, आणि त्यावर त्याचें नांव, त्याचें काम व तो आपला देश व घरदार सोडून सेवेला आला होता हें सविस्तर कोरून ठेवलें.