धुक्यातील ग्वाल्हेर

आग्र्यास राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहासाचा शोध घेत फार दूर जावे लागत नाही. शिवछत्रपती १६६६ साली औरंगजेबाच्या हातावर तुरी देऊन निसटले ते याच शहरातून, आणि १७८५ साली येथील किल्ला महादजी शिंद्यांच्या ताब्यात आला. गावाकडून पाहुणे आले की ताजमहाल झाल्यावर आपण त्यांना किल्ल्यासमोरील महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी नेतो. महाराजांची नजरकैद किल्ल्यात नव्हे, तर शहराबाहेर रामसिंहाच्या छावणीच्या परिसरात होती असे आम्ही सांगितले की पाहुणे काहीसे हिरमुसतात. इतिहास आपल्या मनासारखा निघाला नाही की माणसाला वाईट वाटतेच. स्वतः आम्हांलाही त्याचा अनुभव एका सहलीत आला. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम तीच सहल आठवली.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात मंडळाने ग्वाल्हेरच्या एक दिवसाच्या सहलीचा बेत केला. अंतर अवघे सुमारे १२० किलोमीटर. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, एवढ्या भांडवलावर मार्गदर्शकाचे काम आमच्याकडे आले. पुढे सरकारी नोकरीत आयुष्य टिपणे लिहिण्यात गेले असले, तरी तो विषय आम्ही सोडला नव्हता. बसमध्ये लहानथोर मिळून चाळीसएक मंडळी होती. पहाटे सहाला निघालो आणि धौलपूर येईपर्यंत धुके इतके दाटले की चालकाच्या शेजारी एक माणूस नुसता रस्ता पाहण्यासाठी बसवावा लागला. चंबळेचा पूल आम्ही ओलांडला तो केवळ चाकांच्या बदललेल्या आवाजावरून ओळखला. नदी पाहण्यासाठी खिडकीला नाक लावून बसलेल्या मुलांना पांढऱ्या भिंतीखेरीज काहीच दिसले नाही.

ग्वाल्हेरचा किल्ला सपाट मुलखात एकट्याच उभ्या असलेल्या वालुकाश्माच्या टेकडीवर आहे. उंची सुमारे शंभर मीटर, लांबी अडीच किलोमीटरांच्या आत-बाहेर. सह्याद्रीतील गडांच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. पण आसमंतात दुसरा डोंगर नसल्यामुळे एरवी हा किल्ला कोसांवरून दिसतो. आम्हांला तो पायथ्याशी उभे राहूनही दिसेना. वर कोठेतरी किल्ला आहे या विश्वासावरच आम्ही पूर्वेकडच्या चढणीला लागलो. आलमगिरी दरवाजा, हिंडोला दरवाजा, गणेश दरवाजा अशी एकेक कमान धुक्यातून पुढे यावी आणि मागची पुसली जावी, असा तो चढ झाला.

लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे, एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर आहे. दुरून काहीच दिसत नसल्याने जवळच्या गोष्टींकडे लक्ष गेले, हा धुक्याचा उपकारच म्हणावयाचा. या मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिल्याची आणि नित्य पन्नास माळांची व्यवस्था केल्याची त्यात नोंद आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील शून्य लहानशा वर्तुळाने दाखविले आहे. भारतात शून्याचे चिन्ह असे स्पष्ट कोरलेले जे अतिप्राचीन लेख आहेत, त्यांत याची गणना होते. आयुष्यभर आकड्यांचे तक्ते तपासलेल्या आमच्यासारख्या माणसाने त्या खडकापुढे हात जोडले, यात नवल नाही. मुलांनी मात्र ते शून्य पाहून ‘एवढेसे?’ असे म्हटले.

हत्तीपोळीतून आत शिरलो आणि मानमंदिराची भिंत समोर आली. तोमर राजा मानसिंह याने (कारकीर्द १४८६ ते १५१६) बांधलेल्या या महालाच्या बाह्यांगावर निळ्या, हिरव्या व पिवळ्या चकचकीत फरशांचे हंस, हत्ती, मगरी आणि केळीची झाडे आहेत. करड्या धुक्यात ती निळाई अशी काही उठून दिसली की क्षणभर सगळे गप्प झाले. आत दोन मजले जमिनीखाली आहेत. तेथील गोल दालने मानसिंहाने उन्हाळ्यातील गारव्यासाठी बांधली. मोगलांनी किल्ल्याचा राजकीय तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याचा १६६१ साली याच किल्ल्यावर वध झाला. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांनाही जहांगिराने येथेच ठेविले होते. त्यांच्या स्मरणार्थ गडावर गुरुद्वारा आहे. तेलीमंदिर, सास-बहूची मंदिरे, उरवाईच्या घळीतील जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती यांविषयी लिहावयाचे तर स्मरणिकेचा दुसरा खंड काढावा लागेल. असो.

आम्ही मंडळींना नेले होते ते मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीसाठी. मानमंदिराजवळच्या तटावरून खाली एका दृष्टिक्षेपात जुने शहर, पलीकडे मुरार, दक्षिणेकडे लष्कर आणि मधोमध फुलबाग दिसते. तेथे उभे राहून मराठ्यांचा आणि विशेषतः १८५८ चा इतिहास सांगावयाचा, असा आमचा बेत होता. तटाशी गेलो तो खाली कापूस पिंजून ठेवल्याप्रमाणे नुसता पांढरा पसारा. आगगाडीच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या. तरी आम्ही हात करकरून दिशा दाखवीत सांगावयास सुरुवात केली.

मराठ्यांचा आणि या किल्ल्याचा संबंध अभिमानाने सांगण्यासारखा आहे, पण तो सरळ मात्र नाही. पानिपतावरून वाचलेली माणसे, त्यांत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या, सूरजमल जाटाच्या साह्याने ग्वाल्हेरच्या आश्रयास आली. हा किल्ला त्या वेळी आपला नसता तर त्या दुर्दैवी माणसांना चंबळेच्या या बाजूस विसावा कोठे मिळाला असता? पुढे १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉफम याने रात्री शिड्या लावून, शिपायांच्या पायांत आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले जोडे घालून, मराठ्यांच्या हातून तो किल्ला काढला. अजिंक्य म्हणून ज्याची ख्याती, तो एका रात्रीत गेला. पहारेकरी गाफील होते. महादजींनी काही वर्षांतच तो परत घेतला. १८०४ मध्ये तो पुन्हा गेला आणि १८०५ मध्ये पुन्हा मिळाला. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि त्या तळाचे शहर झाले. आजही त्याचे नाव ‘लष्कर’ असेच आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिआर येथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर शिंद्यांचे सैन्य कमी करण्यात आले आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘कंटिंजंट’ फौज वाढविण्यात आली. गादीवर तेव्हा जयाजीराव होते. त्याच वर्षी दत्तक आलेले, आठ-नऊ वर्षांचे मूल.

येथपर्यंत सर्व ठीक चालले होते. मग १८५८ आले. काल्पीच्या पराभवानंतर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आले. १ जून रोजी जयाजीराव त्यांच्याशी लढावयास मुरारजवळ गेले. त्यांची बहुतेक फौज पेशव्यांना जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण दिनकरराव राजवाडे धौलपूरवरून आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयाला गेले. किल्ल्याचे दरवाजे लढाईवाचून उघडले.

येथे आमच्या पुढ्यात उभ्या असलेल्या एका मुलाने, वय फार तर दहा-अकरा असेल, विचारले, “काका, म्हणजे आत्ता आपण आलो त्याच रस्त्याने महाराज पळाले?”

आम्ही होय म्हटले.

“मग आपले कोण? राणी की शिंदे?”

मंडळाच्या कार्यक्रमांतून आम्ही दोघांचाही जयजयकार करीत आलो आहोत. शिवजयंतीच्या भाषणात ‘अटकेपार’ म्हणताना महादजींना विसरत नाही आणि शाळकरी मुलींना फेटा बांधून दरवर्षी राणी लक्ष्मीबाई करतो. दोन्ही एकाच व्यासपीठावर सुखाने नांदतात, कारण १ जून १८५८ हा दिवस आम्ही त्यांच्यामध्ये कधी येऊच देत नाही. त्या तटावर तो आला. आम्ही प्रथम सरकारी नोकराला साजेल असेच उत्तर दिले: परिस्थिती गुंतागुंतीची होती, जयाजीराव जेमतेम तेवीस वर्षांचे होते, हातपाय आधीच बांधलेले होते, वगैरे. यात खोटे काही नव्हते. पण मुलाच्या तोंडाकडे पाहून कळले की त्याने हे उत्तर दाखल करून घेतले नाही.

तेव्हा उरलेले सर्व सांगून टाकणेच बरे, असे ठरवून आम्ही पुढे गेलो. पेशव्यांच्या राज्यारोहणाचा समारंभ आणि मेजवान्या यांत पंधरवड्यातील मोलाचे दिवस गेले. १६ जूनला सर ह्यू रोज मुरारला पोचला. कोटा-की-सराईच्या बाजूच्या लढाईत राणीसाहेब पडल्या. फुलबागेत त्यांची समाधी आहे आणि दरवर्षी १८ जूनला तेथे लोक जमतात. १९ तारखेला शहर पडले. २० रोजी मूठभर माणसांनी अखेरपर्यंत लढविलेला हा किल्लाही पडला. तो घेणारे शिपाई मुंबई लष्कराच्या पंचविसाव्या देशी पलटणीचे होते. मुंबई लष्करात कोकणातले आणि देशावरचे मराठे मोठ्या संख्येने भरती होत, हे सांगावयास नकोच. म्हणजे त्या जून महिन्यात या टेकडीच्या भोवती मराठी माणूस दोन नव्हे, तीन पक्षांत होता. भिक्षुकीसाठी वरसईहून निघालेल्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’मध्ये ही धुमश्चक्री लिहून ठेवली. त्यांच्यासारखे काही मराठी लोक कोणत्याच पक्षात नव्हते. त्यांना फक्त जिवंत घरी पोचावयाचे होते.

आणि सर्वांत बोचणारी गोष्ट आम्ही त्या दिवशी प्रथमच मोठ्याने बोललो. उठाव मोडल्यावर किल्ला इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवला. १८६१ साली झाशी शहर त्यांनी शिंद्यांना दिले. जी झाशी सोडावयाची नाही म्हणून राणीने प्राण दिले, ती जयाजीरावांच्या दौलतीत आली! आणि १८८६ साली, ग्वाल्हेरचा किल्ला परत हवा म्हणून, तीच झाशी मोबदल्यात इंग्रजांना देण्यात आली. आज आपण ज्या तटावर उभे आहोत त्याची किंमत झाशी ही होती. त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव निवर्तले. कागदपत्रांच्या दृष्टीने हा एक साधा अदलाबदलीचा व्यवहार. अशी कितीतरी प्रकरणे आमच्या टेबलावरून गेली आहेत. पण त्या धुक्यात उभे राहून हे वाक्य उच्चारताना आमचा आवाज नीट लागला नाही.

मंडळी गप्प होती. एक गृहस्थ थोडे रागावलेच. सहलीला आणून मुलांना असले सांगू नये, घरापासून इतक्या दूर राहणाऱ्या मुलांना अभिमान वाटेल तेवढेच सांगावे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे आम्हांस अगदीच गैर वाटले नाही. परप्रांतात मूल वाढविताना आपण त्याच्या शिदोरीत काय बांधतो याची काळजी असतेच.

तोवर मागे तटाच्या कठड्यावर शाल लपेटून बसलेल्या एक आजी बोलल्या. मंडळात त्यांना सर्व जण आजीच म्हणत. त्यांचे माहेर लष्करातले. त्या म्हणाल्या, “आमच्या घरात माजघरातल्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक महाराजांची, एक राणीसाहेबांची. वडिलांची नोकरी दरबारातली, तेव्हा महाराजांची हवीच. आणि राणीसाहेबांची आजीनं लावलेली. दसऱ्याला दोन्हींना झेंडूचे हार. माझ्या भावानं एकदा असंच विचारलं होतं, ह्या दोघांचं पटत होतं का म्हणून.”

“मग?” मुलाने विचारले.

“आजी म्हणाली, नव्हतं पटत. हार नीट घाल.”

मंडळी हसली आणि आम्हांला सुटल्यासारखे झाले. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याने पुन्हा खाली पाहिले आणि फुलबाग नेमकी कोणत्या बाजूस, असे विचारले.

दुपारी दोनच्या सुमारास धुके अर्धवट उठले. प्रथम खालच्या घरांच्या गच्च्या, मग एक घुमट, मग रुळांवरची गाडी दिसली. आजींनी बोट दाखवून महाराज बाड्याची दिशा सांगितली. ‘वाडा’ हा आपला शब्द तेथल्या जिभेवर ‘बाडा’ होऊन राहिला आहे. याच लष्करात गाणे शिकलेल्या वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी घेतली आणि ती महाराष्ट्रात नेली, हे आम्ही सांगू लागलो. पण सर्वांना भूक लागली होती. डबे सूर्यकुंडाजवळ उघडले. गुळाच्या पोळ्या थंडीने कडक झाल्या होत्या, तरी कोणी मागे ठेवल्या नाहीत.

उतरल्यावर फुलबागेत गेलो. समाधीच्या आवारात राणीचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो मुलगा बराच वेळ तेथे रेंगाळला. वाटेत त्याने आईकडून पैसे घेऊन झेंडूचे दोन हार विकत घेतले होते. त्यांपैकी एक त्याने समाधीवर वाहिला. दुसरा त्याने पिशवीत ठेवून दिला, आणि तो कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही. परतीच्या वाटेवर मुरैना सोडल्यावर धुके पुन्हा उतरले. बस चंबळेच्या पुलावर आली तेव्हा चाकांचा आवाज बदलला. मुले झोपली होती. आजी जाग्या होत्या. त्यांनी नदीला हात जोडले.