बारा मोटांची आमराई

पुणे–बंगळुरू महामार्गावरून साताऱ्याच्या अलीकडे आत वळलं की कृष्णाकाठचं लिंब गाव लागतं आणि त्याला लागून शेरी. इथली बारा मोटांची विहीर आता महाराष्ट्रभर ठाऊक झाली आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्या येतात, लोक पायऱ्या उतरतात, दगडातले हत्ती-वाघ बघतात, वरच्या महालात बसून फोटो काढतात. ही विहीर कुणी बांधली हे प्रत्येक जण विचारतो. कशासाठी बांधली हे फारच थोडे विचारतात, आणि त्याचं उत्तर शेरीत पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे: आमराईसाठी. तेहतीसशे आंब्यांच्या आमराईसाठी.

ती आमराई आज नाही. आंबा तोडला की काही वर्षांत बुंधाही कुजून मातीला मिळतो. त्यामुळे या आमराईची कुळकथा सांगायची तर ती विहिरीवरूनच वाचावी लागते.

प्रवेशावरच्या शिलालेखात विरूबाई भोसले हे नाव आहे आणि शके १६४१ विकारीनाम संवत्सर ते शके १६४६ क्रोधीनाम संवत्सर असा काळ आहे. म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४. काम सुरू झालं तेव्हा थोरल्या शाहू महाराजांना मोगलांच्या कैदेतून सुटून बारा वर्षं झाली होती. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला, त्यानंतरची दहा वर्षं भाऊबंदकी आणि स्वाऱ्या यांतच गेली. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, शाहूंच्या आई येसूबाईही त्याच वर्षी साताऱ्याला आल्या. राज्याला जरा उसंत मिळाली, आणि त्याच साली कृष्णाकाठी ही विहीर सुरू झाली. मला हा योगायोग वाटत नाही. कोयीपासून वाढवलेला आंबा धरायला सात-आठ वर्षं लागतात. उद्या कुठं असू याचा भरवसा नसलेला माणूस आमराई लावत नाही.

विरूबाईंबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. सकवारबाई आणि सगुणाबाई या शाहूंच्या राण्या. विरूबाईंचं स्थान वेगळं होतं, पण महाराजांचा विश्वास त्यांच्यावर मोठा होता आणि खासगीकडच्या कारभारात त्यांचा शब्द चालायचा. अक्कलकोटच्या गादीचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले यांना त्यांनीच आईच्या मायेनं वाढवलं. १७४० मध्ये त्या वारल्या. मराठी इतिहासात त्यांच्या वाट्याला फार ओळी आलेल्या नाहीत, पण एवढं मोठं पाण्याचं काम आपल्या नावानं दगडात कोरून ठेवणाऱ्या बायका त्या काळात किती होत्या?

शेरी हे वस्तीचं नावही या कथेत कामाचं आहे. मराठेशाहीच्या महसुलात शेरी म्हणजे सरकारच्या किंवा राजघराण्याच्या स्वतःच्या वहिवाटीची जमीन. रयतेच्या थळात तेहतीसशे झाडं एका हातानं लावणं कुणालाच शक्य नव्हतं. शेरीत ते शक्य होतं. आता हिशेब करून बघा. जुन्या पद्धतीनं आंब्याला तीस-पस्तीस फुटांचं अंतर धरलं तर एकरी चाळीसेक झाडं बसतात. तेहतीसशे झाडांना ऐंशी एकरांच्या वर रान लागेल. कृष्णाकाठच्या काळ्या रानात एवढा सलग तुकडा राजघराण्याकडे असणं सहज शक्य आहे. म्हणून गावात सांगितला जाणारा आकडा मला पटतो.

मग बारा मोटा कशाला? मोठा झालेला रायवळ आंबा पाटाच्या पाण्यावर जगत नाही, त्याची मुळं खोल जातात. खरी कसोटी पहिल्या चार-पाच उन्हाळ्यांची. देशावर पाऊस जूनला येतो, ऑक्टोबरात सरतो, आणि पुढचे आठ महिने रोपाला पाणी दिलं नाही तर ते होळीपर्यंतही टिकत नाही. पाच-पन्नास रोपं घागरीनं जगवता येतात, तीन हजार नाही. विहिरीचं बांधकाम पाच वर्षं चाललं. पुढं शंभर वर्षं फळ देणाऱ्या झाडांच्या मानानं ही घाईच म्हणायची.

विहीर अष्टकोनी आहे, तिला जोडून दुसरी आयताकृती विहीर, आणि दोहोंच्या मध्ये पुलासारखा महाल. खोली शंभर फुटांच्या पुढं सांगतात. नाव बाराचं असलं तरी काठावर मोटा बसवायला जागा पंधरा आहेत. मोट चालायची कशी हे नव्या पिढीनं पाहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, वरचं तोंड रुंद आणि खाली सोंडेसारखी निमुळती नळी. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरू लागले की दोन्ही दोर बरोबर ताणले जातात, सोंड वर दुमडलेली राहते आणि पाणी सांडत नाही. मोटकरी नाड्यावर बसून आपलं वजन टाकतो. मोट काठाशी आली की सोंदूर सोंडेला पुढं ओढतो, सोंड थारोळ्यात सरळ होते, आणि दीड-दोनशे लिटर पाणी एकदम मोकळं होऊन पाटाला लागतं. मग बैल मागं सरकत सरकत धाव चढतात आणि रिकामी मोट खाली जाते. दिवसभर हेच.

बारा मोटा म्हणजे कमीत कमी चोवीस बैल आणि बारा मोटकरी. दारं धरणारे वेगळे. पण माणसं तेवढ्यावर थांबत नाहीत. कातडं कमवणारे ढोर, मोट शिवणारे आणि फाटली की ठिगळ लावणारे चांभार, नाडे-सोंदूर वळणारे मांग, चाकं घडवणारे सुतार, खिळपट्टी करणारे लोहार. बलुत्यावर राबणाऱ्या या सगळ्या हातांनी आमराई उभी केली. शिलालेखात त्यांची नावं नाहीत. आमराईची कुळकथा लिहिताना फक्त राजघराण्याचं कूळ सांगितलं तर ती अर्धीच राहील.

त्या काळी राज्यकर्ते झाडांचा विचार किती नेमका करत होते, याचा दाखला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. ते या विहिरीच्या थोडंच आधीचं. आरमारासाठी लाकूड लागतं, पण रयतेनं लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडं जबरदस्तीनं तोडू नयेत, फारच गरज पडली तर जीर्ण झाड धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं, असा त्यातला आशय आहे.

आमराईत काय पिकायचं? त्या काळची देशावरची राई म्हणजे मुख्यतः रायवळ. कोयीपासून वाढलेलं प्रत्येक झाड स्वतंत्र, आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून झाडागणिक नाव. शेपूच्या वासाचा शेपू, खोबऱ्याच्या चवीचा खोबऱ्या, लांबट केळ्या, देठाशी लाल होणारा शेंदऱ्या, मुलांच्या खिशात मावणाऱ्या बिटक्या, मिठात घालायला वेगळा आणि रसाला वेगळा. पाडाला लागलेलं पहिलं फळ पडलं की राखणदार उतरणीची तयारी करायचा. घरात माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत गवत पसरून आढी लागायची. एक थर आंबे, एक थर गवत. चौथ्या-पाचव्या दिवशी दार उघडलं की वास अंगावर यायचा. आढीत हात घालून नुसत्या स्पर्शानं तयार फळ ओळखणाऱ्या बायका घरोघर होत्या. अक्षय्यतृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही, ही रीतही त्याच घरांतली.

मग आमराया गेल्या कशा? सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं. त्यानंतर जमिनीची मोजणी आणि आकारणी नव्यानं झाली. आता पाण्याखालच्या रानातून दरवर्षी रोकड काढायची होती, आणि आंब्याला एक वर्ष बहर येतो तर दुसरं वर्ष रिकामं जातं. दुसरा बदल यंत्राचा. १९१० मध्ये त्या वेळच्या औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथल्या लोखंडी नांगरानं आणि पुढं पंपानं शेतकऱ्याच्या खांद्यावरचं केवढं तरी ओझं उतरवलं, त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण मोट गेली तशी मोटेवरची माणसंही पांगली. पंपाच्या पाण्यावर ऊस आला, कृष्णाकाठी भुईंजपासून रेठऱ्यापर्यंत आणि खाली सांगलीपर्यंत सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली. एका एकरातल्या चाळीस आंब्यांच्या सावलीत ऊस येत नाही. कुऱ्हाड चालवणाऱ्याला दोष देता येत नाही, त्याच्यापुढं मुलांचं शिक्षण आणि सोसायटीचं कर्ज होतं. १९६४ च्या कायद्यानं परवानगीशिवाय आंबा तोडायला मनाई केली, पण तोवर बऱ्याच राया विरळ झाल्या होत्या.

सांगलीत तर बाग म्हटलं की आता द्राक्षबागच डोळ्यांसमोर येते. तासगावच्या शेतकऱ्यांनी माळावर उभी केलेली ती संपत्ती खरोखर थोर आहे. सांगली शहरात संस्थानकाळातली आमराई सार्वजनिक बाग म्हणून टिकली, बाकी ठिकाणी आमराई हे नाव गल्लीच्या, थांब्याच्या किंवा गटाच्या नावात उरलं.

तरीही सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत बांधावर, ओढ्याकाठी, देवळाच्या मागं एकेकटे जुने रायवळ उभे आहेत. त्यांचं वाण वाचवणं आज अवघड नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं रुळवलेली कोय कलमाची पद्धत कुठल्याही गावात जमते. जूनमध्ये कोयी रुजत घालायच्या. पंधरा-वीस दिवसांत तांबूस, कोवळ्या पानांचं रोप तयार होतं. जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड काडी निवडून आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटायची. डोळा फुगला की काडी काढून पाचरीसारखी तासायची, रोपाच्या खाचेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. पाऊस ऑगस्टपर्यंत साथ देतो. शेतकऱ्यानं जपलेलं वाण २००१ च्या वनस्पती वाण कायद्याखाली त्याच्या किंवा गावाच्या नावावर नोंदवताही येतं. आधी मात्र झाडाचं नाव, त्याची चव आणि त्याला फळ कधी येतं हे गावातल्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसांकडून लिहून घ्यायला हवं, आणि ते याच उन्हाळ्यात, झाडाला आंबा असताना.