बाळंतिणीचं मन खचलं तर काय करायचं? समुपदेशन आणि मदतीची माहिती

आचोळे : बाळंतीण सारखी रडते, जेवत नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, नाहीतर नखरे आहेत. पण हा आजार असू शकतो आणि तो बरा होतो.

ओळखायचं कसं?
बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांत ते थांबतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलं तरी आईला झोप नाही, 'मी आई व्हायच्या लायकीची नाही' असं मनात येत राहिलं, तर नैराश्य असू शकतं. गरोदरपणातही ते सुरू होतं.

कारणं काय?
२००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या अभ्यासात २३ टक्के आयांना दीड-दोन महिन्यांनी नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणं यांचा त्याच्याशी संबंध दिसला.

समुपदेशन म्हणजे काय?
उपदेश नाही. ठरल्या वेळी भेटायचं, तिचं पूर्ण ऐकायचं, दोष द्यायचा नाही आणि छोटे उपाय तिच्यासोबत ठरवायचे. पुढे गोव्यातच 'संगाथ' संस्थेने साध्या गृहिणींना शिकवून 'सखी' केलं. सखी गरोदरपणापासून ६ ते १४ वेळा भेटत. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा सखी मिळालेल्यांपैकी जास्त जणी बऱ्या झालेल्या दिसल्या.

आपल्याकडे कोणाला सांगायचं?
दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन करून घेताना आईचंही सांगा. आचोळ्यात चाळीत राहणाऱ्या, माहेर लांब असलेल्या बाईला तर हाच मोठा आधार. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी काय करायचं?
रात्री बाळ थोडा वेळ सांभाळा, तिला सलग झोपू द्या. मुलगी झाली म्हणून टोमणे नकोत. औषध दिलं असेल तर मनाने बंद करू नका. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं डॉक्टर देऊ शकतात.

थांबू नका
जीव द्यायचं बोलली, भलतेच आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाला इजा करेल असं वाटलं, तर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.